मिलीमीटर आणि खाऱ्या पाण्याची टाकी

तिचे सासरे नोकरीत असताना एकतीस वर्षं रोज सकाळी साडेआठ वाजता एकच काम करायचे. उघड्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पातेल्यातून कालपासून किती पाणी उडून गेलं, ते मोजायचं.

शेती संशोधन केंद्राच्या आवारात, तारेच्या कुंपणाच्या आत, लाकडी चौकटीवर तांब्याचं एक भलंमोठं गोल पातेलं होतं. पाखरांनी पाणी पिऊ नये म्हणून त्यावर जाळी. आत कडेला एक पितळी नळकांडं आणि त्यात उभा टोकदार काटा. दिवसभराच्या उन्हावाऱ्याने पाणी उडालं, की पातळी काट्याच्या टोकाखाली जायची. सासरे मापाने पाणी ओतत राहायचे, पाणी टोकाला नेमकं टेकलं की थांबायचे, आणि किती ओतलं ते वहीत लिहायचे. कचेरीतल्या लोकांनी त्यांचं नाव 'मिलीमीटर' ठेवलं होतं. मिलीमीटर फाटकातून आत आले की बाकीचे आपापली घड्याळं लावून घ्यायचे.

लग्न ठरलं तेव्हा तिने होणाऱ्या नवऱ्याला विचारलं होतं, "तुझे बाबा काय करतात?" तो हसत म्हणाला होता, "पगार घेऊन पाणी वाळवतात." तेव्हापासून सासऱ्यांविषयी तिचं मत असं काहीसंच होऊन बसलं होतं. माणूस साधा, कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण बोलायला बसावं तर पाच मिनिटांत दोघांचेही विषय संपायचे. सासूबाई होत्या तोवर त्या दोघांच्या वाटचं बोलायच्या. त्या गेल्यावर फोन फारच छोटे झाले. "बरं आहे ना?" "बरं आहे." "जेवलात?" "जेवलो." संपलं.

ती स्वतः दातांच्या प्रयोगशाळेत काम करायची. डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या बनवायच्या, मेणात एकेक दात बसवायचा, तासायचा, घासायचा. दिवसभर लोकांच्या जबड्यांत डोकं घालून घरी आल्यावर तिला अर्धा तास कुणाचं तोंड पाहावंसं वाटायचं नाही. म्हणून तिने तीन वर्षांपूर्वी दिवाणखान्याच्या रिकाम्या भिंतीशी खाऱ्या पाण्याची टाकी मांडली होती. चार फूट लांब टाकी, खालच्या कपाटात दुसरी छोटी टाकी, वर दिवे, आत खडक, प्रवाळ, चार मासे आणि एक कोळंबी. माशांना निदान दात दाखवायची हौस नव्हती.

अशा टाकीतून पाणी उडतं, पण मीठ उडत नाही. त्यामुळे उडालं तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं, नाहीतर उरलेलं पाणी खारट होत जातं. ते काम करायला तिने एक यंत्र बसवून घेतलं होतं. खालच्या टाकीच्या काचेवर चुंबकाने चिकटवलेला सेन्सर, शेजारी गोड्या पाण्याचा वीस लिटरचा कॅन, कॅनमध्ये मुठीएवढा पंप. पातळी सेन्सरच्या खाली गेली की पंप सुरू, वर आली की बंद. दीड वर्ष यंत्राने तक्रारीला जागा ठेवली नव्हती. एक कॅन बरोबर आठवडाभर पुरायचा.

सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी महिना-दीड महिना राहायला आले, आणि नेमकं त्याच सुमारास यंत्राचं काहीतरी बिनसलं. कॅन तीन दिवसांत रिकामा होऊ लागला. आणि पाणी खारट व्हायच्या ऐवजी अळणी होऊ लागलं. क्षारमापकात पस्तीसचा आकडा हवा, तो तेहतिसावर आला. मग एकतिसावर. पिवळा मासा खडकाआड जाऊन बसला. जांभळ्या फांद्यांचं प्रवाळ, जे तिने बोटभर आणून वीतभर वाढवलं होतं, ते फिकट पडायला लागलं.

तिने टाकीवाल्याला बोलावलं. टाकीवाला म्हणजे ज्याच्या दुकानातून तिने हा सगळा संसार आणला होता तो. पहिल्या खेपेला त्याने पाण्याची नळी तपासली. पंप बंद झाल्यावरही नळीतून आपोआप पाणी ओढलं जातंय का, ते पाहिलं. तसं नव्हतं. त्याने सेन्सर बदलला. पाच दिवसांनी पुन्हा आला, पंप बदलला. कॅन रिकामा व्हायचा तसाच होत राहिला.

"ताई, यंत्रात दोष नाही," शेवटी तो हात पुसत म्हणाला. "हवा कोरडी पडलीय. पाणी उडतंय."

सासरे डोळ्याच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावून खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. दोन आठवड्यांत त्यांनी टाकीबद्दल चकार शब्द काढला नव्हता. त्यांनी मान वळवली.

"किती?"

"काय किती, काका?"

"उडतंय म्हणालात ना. किती उडतंय?"

"किती म्हणजे... उडतंय. बरंच उडतंय."

"बरंच," असं म्हणून सासऱ्यांनी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

त्या एका शब्दात किती राग होता, ते तिच्या लक्षात आलं नाही. तिच्या नवऱ्याला ते बरोबर कळलं असतं. त्याच्या लहानपणी 'बरंच', 'थोडंसं' आणि 'साधारण' हे शब्द घरात शिवीसारखे धरले जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंघोळ करून बाहेर आली, तर टाकीशेजारी स्टुलावर तिचं केक भाजायचं भांडं पाण्याने भरून ठेवलेलं.

"बाबा, हे काय?"

"बाजू सरळ आहेत याच्या," सासरे म्हणाले. "तुझ्या बाकीच्या भांड्यांना पोटं आहेत. मोजायला निरुपयोगी. तुझ्या कामावर पाणी मोजायचं काचेचं माप असेल ना?"

"असतं. प्लास्टर कालवायला लागतं."

"एक आण. आणि बारीकशी, न गंजणारी तार."

संध्याकाळी तिने दोन्ही आणलं. काटा कसा हवा, ते त्यांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं. कवळीची कडी वळवायच्या पकडीने तिने तार वाकवली, टोक घासून सुईसारखं केलं आणि भांड्याच्या कडेला अडकेल अशी आकडी केली. सासऱ्यांनी तो काटा नव्या डोळ्यासमोर धरून उलटसुलट पाहिला.

"आमच्या खात्याने पाठवलेला काटासुद्धा इतका सरळ नव्हता," ते म्हणाले. सासरी आल्यापासून तिच्या हातच्या कुठल्याही गोष्टीबद्दल ते एवढं मोठं वाक्य पहिल्यांदाच बोलले होते.

मग त्यांनी यंत्राची माहिती विचारली. तिने गुडघ्यांवर बसून कपाट उघडलं आणि सेन्सर, पंप, कॅन, नळी सगळं दाखवलं. ते मन लावून ऐकत होते.

"म्हणजे पाणी खुणेपाशी येईपर्यंत हे ओततं."

"हो."

"हेच मी करायचो. एकतीस वर्षं." त्यांनी पुढे विचारलं, "ओतलं किती, ते लिहून ठेवतं?"

"नाही बाबा. नुसतं भरतं."

सासऱ्यांनी यंत्राकडे अशा नजरेने पाहिलं, की जणू कचेरीत नवा माणूस लागलाय, कामाला चपळ आहे, पण वही उघडायला तयार नाही. मग त्यांनी कॅनवर कागदाची उभी पट्टी चिकटवून घेतली आणि लिटरालिटराच्या खुणा केल्या.

नवरा लिफ्ट तपासायच्या नोकरीत होता. तो रात्री जेवताना ते भांडं पाहून पोट धरून हसला. "बाबांना घरातच कचेरी उघडून दिलीस!" पण सासरे झोपायला गेल्यावर त्याने तिला एक गोष्ट सांगितली. तो शाळेत असताना वडील तापाने तीन दिवस अंथरुणाला खिळले होते. बदली माणूस आलाच नाही. वहीत तीन रकाने कोरे राहिले. वरचे साहेब म्हणाले, आदल्या-पुढच्या दिवसांकडे बघून काहीतरी आकडे घाला, कोण पाहतंय? यांनी तिन्ही रकान्यांत 'नोंद नाही' असं शाईने लिहिलं. साहेब दुखावले आणि बढतीच्या यादीतून दोनदा यांचं नाव गळलं.

"आई वर्षभर धुसफुसत होती," नवरा म्हणाला. "मीही चिडलो होतो. मला सायकल मिळायची होती ना. बाबा काय म्हणाले माहितेय? मला ताप होता, पाण्याला नव्हता. ते उडतच होतं. किती ते मी पाहिलं नाही, मग लिहू कसं?"

ती टाकीकडे पाहत बसली. हा माणूस आठ वर्षं आपला सासरा आहे, आणि आपण त्याला जेवलात का याच्या पुढे काही विचारलं नाही, हे तिला त्या क्षणी टोचलं.

रोज साडेआठला नोंद होऊ लागली. भांड्यात काट्याच्या टोकापर्यंत पाणी, मापात किती लागलं ते कागदावर, शेजारी कॅनची पातळी, शेजारी क्षारमापकाचा आकडा. तो आकडा खाली घसरतच होता. "काही कळलं का, बाबा?" असं तिने दोनतीनदा विचारलं. "होऊ दे अजून नोंदी," एवढंच उत्तर मिळालं. सातव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, त्यांनी दोघांना टेबलाशी बसवलं आणि कागद मधोमध ठेवला.

"या खोलीत भांड्यातलं पाणी दिवसाला दोन मिलीमीटर उडतं," ते म्हणाले. "तुझ्या दोन्ही टाक्यांचा वरचा उघडा भाग मी मोजला. त्या मापाने दिवसाला पावणेदोन लिटर होतात. पण भांड्यातलं पाणी निवांत आहे. टाकीतलं कोमट आहे, हलतं आहे, वर दिवे आहेत. म्हणून मी दुप्पट धरलं. दुप्पट म्हणजे खूपच झालं हं. तरी साडेतीन लिटर. कॅनमधून रोज जातंय सात लिटर."

"मग उरलेलं साडेतीन?" नवऱ्याने विचारलं.

"ते उडत नाहीये. उडालं असतं तर मीठ मागे राहिलं असतं. मीठ कमी होतंय, म्हणजे खारं पाणी टाकीतून बाहेर चाललंय, आणि जातंय तेवढं गोडं पाणी हे यंत्र इमानदारीने भरतंय. म्हणून पातळी हलत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. यंत्रावर उगाच आळ आला. ते बिचारं दुसऱ्याची चोरी झाकतंय."

तिघांनी मिळून शोधायला सुरुवात केली. कपाटाखाली वर्तमानपत्र सरकवलं, कोरडं ठणठणीत. भिंत कोरडी, फरशी कोरडी, सांधे कोरडे. नवऱ्याने टॉर्च घेऊन पोटावर सरपटत मागची बाजू पाहिली आणि शिंकत बाहेर आला. सासरे मात्र कपाटातून बाहेर येणारी एकेक वायर आणि नळी बोटाने चाचपत निघाले होते. वायर, वायर, वायर. एक पांढरी नळी.

"ही कुठे जाते?"

ती नळी तिच्या ध्यानातूनच गेली होती. खालच्या टाकीत फेस काढणारं एक यंत्र होतं. ते पाण्यात हवा घुसळतं, फेसाबरोबर घाण वर चढते आणि वरच्या पेल्यात जमते. तो पेला दर दोन दिवसांनी उपसावा लागायचा, आणि वास असा, की नको रे बाबा. म्हणून वर्षभरापूर्वी टाकीवाल्याने पेल्याला नळी जोडून ती भिंतीकडेने बाल्कनीतल्या मोरीवर सोडली होती. कटकट मिटली.

तिघं बाल्कनीत गेले. कपडे धुवायच्या मशीनमागे, मोरीच्या जाळीवर चार बोटं उंचीवर नळीचं तोंड लोंबत होतं. तिथून फिकट चहासारखं पाणी ठिबकत होतं. थेंबामागे थेंब, न थांबता. जाळीभोवती पांढरी खपली धरली होती. सासऱ्यांनी थेंबांखाली बोट धरलं आणि सरळ जिभेला लावलं.

"अहो बाबा! काय करताय!" ती किंचाळली.

"खारट," सासरे शांतपणे म्हणाले. "बादली आण."

दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत बादलीत पावणेचार लिटर पाणी जमलं. सासऱ्यांनी ते मापाने मोजलं, कागदावर लिहिलं, आणि तिथं पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. पुढच्या क्षणी त्यांनी विचारलं, "पण वर्षभर हे असं नव्हतं. मग आत्ताच का?"

ते कपाटापुढे बसले आणि बराच वेळ काचेकडे पाहत राहिले. मग त्यांनी तिला बोलावलं. आतल्या काचेवर, पाण्याच्या आत, एक अगदी पुसट पांढरी रेघ होती. जुन्या पातळीची. आत्ताचं पाणी तिच्यावर दोन बोटं होतं. पाणी चढलं होतं, म्हणून फेसाचं यंत्र जास्त बुडालं होतं, आणि फेसाऐवजी पाणीच वर फेकत होतं.

तिला एकदम सगळं आठवलं. तीन आठवड्यांपूर्वी सेन्सरवर शेवाळ धरलं होतं. एका हातात फोन होता, पलीकडे डॉक्टर एका न बसणाऱ्या कवळीवरून तिला फैलावर घेत होते, आणि तिने दुसऱ्या हाताने सेन्सर काढून, पुसून, जिथे काच स्वच्छ दिसली तिथे परत चिकटवला होता. टाकीवाल्याने नवा सेन्सर लावला तोही तिथेच.

"बाबा, मीच," ती म्हणाली. "मीच वर लावला."

सासरे कागदाच्या शेवटच्या रकान्यात लिहीत होते. त्यांनी कागद तिच्याकडे वळवला. 'उपकरणाची जागा बदललेली आढळली.'

"शेऱ्यात एवढंच लिहायचं असतं," ते म्हणाले. "कुणी, ते नाही."

सेन्सर जुन्या रेघेवर आला. मोरीतली नळी निघाली. टाकीवाला आला, त्याने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि कान पकडले. "नळी मीच लावली, काका. ताई पेला हाताने उपसत असत्या, तर दुसऱ्याच दिवशी कळलं असतं." मीठ एकदम वाढवलं तर मासे दगावतील, असं तो म्हणाला. त्याच्याच सल्ल्याने कॅनमध्ये गोड्या पाण्याऐवजी खारं पाणी भरायचं ठरलं. पाणी उडत जाईल, मीठ मागे राहील, आणि आकडा जितका हळू उतरला तितकाच हळू चढेल.

जांभळं प्रवाळ मात्र वाचलं नाही. दोन दिवसांनी ते फांदीफांदीने पांढरं पडलं. ती संध्याकाळी कामावरून आली, पाहिलं, आणि पर्स खांद्यावर तशीच ठेवून टाकीसमोर उभी राहिली. सासरे खुर्चीतून उठून तिच्याजवळ आले.

"मला तिसऱ्या दिवशीच शंका आली होती," ते म्हणाले. "आकडे जुळत नव्हते. पण तीन नोंदींवर बोलायचं नाही अशी सवय. सात होऊ दे म्हटलं. तू विचारत होतीस, मी थांबवलं. त्या चार दिवसांत हे गेलं. चूक झाली माझी."

नवऱ्याने आजवर इतक्या सरळ कुठली चूक कबूल केली नव्हती, तिनेही नाही. "बाबा, सात झाल्या म्हणून तर आम्ही ऐकलं," ती म्हणाली. "तिसऱ्या दिवशी मी ऐकलंच नसतं." आणि ते खरंच होतं. सासऱ्यांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. रात्री जेवताना ते दोन घास कमीच जेवले.

आकडा चढायला साडेतीन आठवडे लागले. तोवर सासऱ्यांनी परतीचा बेत दोनदा पुढे ढकलला. पिवळा मासा खडकाबाहेर आला. कोळंबीने कात टाकली. क्षारमापकात पस्तीस दिसला त्या सकाळी त्यांनी भांडं घासून स्वयंपाकघरात ठेवलं आणि बॅग काढली.

"जायच्या आधी तुझं काम बघायचंय," ते म्हणाले. "चालेल?"

ती त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेली. दोन तास ते तिच्या टेबलाशेजारी स्टुलावर बसून होते. मेणात दात बसताना, वरची ओळ खालच्या ओळीवर टेकवून पाहताना, केसाएवढा उंचवटा घासून काढताना ते नव्या डोळ्याने पाहत होते. एकदाही मध्ये बोलले नाहीत. निघताना मात्र दाराशी थांबले.

"खालची कवळी बसत नसेल, टोचत असेल, तर ती घासून नीट होते?"

"होते की. कुणाची?"

"माझी."

"टोचते? कधीपासून?"

"सहा वर्षं आणि चार महिने."

तिने कपाळावर हात मारला. "अहो बाबा! घरात कवळ्या बनवणारी सून, आणि तुम्ही सहा वर्षं..."

"तू दिवसभर तेच करतेस," सासरे संकोचून म्हणाले. "घरी आल्यावर पुन्हा माझं तोंड कशाला?"

तिने हातातली चावी टेबलावर टाकली, त्यांना खांद्याला धरून खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांकडे नेलं आणि नवं माप घ्यायला लावलं. परतीचा बेत तिसऱ्यांदा पुढे गेला. ती कवळी तिने दुसऱ्या कुणाला हात लावू दिली नाही. चार संध्याकाळी लागल्या. पाचव्या दिवशी ती त्यांच्या तोंडात बसवून, आरसा न देता, तिने त्यांच्या हातात एक सफरचंद ठेवलं.

सासऱ्यांनी ते जरा भीत भीत दातांखाली धरलं. कचकन आवाज झाला. ते चावत राहिले, अगदी सावकाश, डोळे मिटून, आणि ती बाह्या कोपरापर्यंत वर सारून, कुठे टोचतंय का, ते विचारायला समोर उभी राहिली.